जाईचा वेल नुसताच माजलाय, फूल एक नाही. छाटू का?

वेलवेडी | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी. या विभागात पाच-सहा वर्षं नुसतीच वाचत आलेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. फाटकावर लोखंडी कमान आहे, तिच्यावर जाईचा वेल. आईनं २००८ साली साताऱ्याहून, तिच्या माहेरच्या अंगणातून फांदी आणून लावलेला. पूर्वी आषाढ लागला की संध्याकाळी परडी भरायची. शेजारच्या तिघीजणी गजऱ्यापुरत्या कळ्या घेऊन जायच्या, तरी देवाला उरायच्या.

गेली तीन वर्षं मात्र पानंच पानं. कमान दिसत नाही इतका पसारा झालाय आणि गेल्या अख्ख्या पावसाळ्यात मिळून ओंजळभर फुलं आली नसतील. रोज संध्याकाळी पाणी घालते. दर रविवारी ओल्या कचऱ्याच्या खताचं पाणी. दोन महिन्यांनी एकदा मूठभर युरिया, तो रोपवाटिकेतल्या एकानं सांगितला होता. सोसायटीचा माळी मे संपताना बाहेरून कात्री मारून आकार देऊन जातो. त्यापलीकडे मी त्याला हात लावलेला नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. वेल तिच्या हातचा आहे, त्यामुळे कापायचं म्हटलं की माझा हात मागे येतो. खरंच छाटावा लागेल का? की दुसरं काही करता येईल?

सदाफुली | ९ जानेवारी

फोटो टाक गं. पानाचा जवळून एक आणि लांबून एक. जाईच आहे की जुई आहे ते आधी बघू, कारण दोघींचं वेळापत्रक वेगळं असतं. अर्ध्या लोकांच्या दारात जुई असते आणि तिला ते जाई म्हणतात.

वेलवेडी | ९ जानेवारी

टाकलेत तीन. पान मोजलं. एका देठाला सात लहान पानं आहेत, तीन जोड्या आणि टोकाला एक मोठं टोकदार. मागच्या वर्षीच्या फुलांचा फोटोही सापडला, कळी बाहेरून गुलाबी दिसतेय.

सदाफुली | ९ जानेवारी

मग जाईच. जुईला असं पिसासारखं पान नसतं. तिचं मधलं पान मोठं आणि दोन बाजूंना कानाच्या पाळीएवढी दोन चिमुकली पानं, कधी तीही नसतात. फुलंही लहान, झुबक्यानं येतात आणि कळीवर गुलाबी झाक नसते. कुंद थंडीत फुलतो आणि त्याला वास जवळजवळ नाहीच. सह्याद्रीत उन्हाळ्यात रस्त्याकडेला पांढरीशुभ्र दिसते ती कुसर.

आता जाणकार येतीलच.

वसईची वाडी | १० जानेवारी

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या फुलांचं काम आहे. मोगरा, जुई, थोडा कागडा. वडील पहाटेच्या गाडीनं दादरला फुलं घेऊन जायचे, आता भाऊ जातो. जाई आमच्याकडे बांधावर चार-पाच वेल, घरापुरती.

उत्तर एका ओळीत देतो. छाटा, आणि याच महिन्यात छाटा.

कारण सांगतो. जाईला कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर आणि त्याच्या खालच्या पेरांवर. जुन्या लाकडावर ती फुलत नाही. तुमच्या वेलात आत सगळं जुनं लाकूड आहे, वर नुसता पाल्याचा थर. नवी फूट येते ती उन्हासाठी एकमेकींच्या डोक्यावरून लांबत जाते. त्यात रोजचं पाणी आणि युरिया. युरियानं पाला वाढतो, कळी नाही. वेलाला वर्षात एकदा तरी थांबू द्यायला हवं, तुम्ही त्याला थांबूच दिलेलं नाही.

आणि माळ्याची ती मे अखेरची कात्री. तिनं सगळ्यात जास्त घात केलाय. जानेवारीनंतर जी फूट येते तिचे शेंडे मे-जूनमध्ये कळीवर येतात. नेमके तेच शेंडे तो आकार देताना उडवतो. वेल पुन्हा पहिल्यापासून फुटायला लागतो, तोवर आषाढ निघून जातो.

मातीचे हात | १० जानेवारी

वसईकरांना दुजोरा. मी कृषीचा पदवीधर आहे, तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस सांगतो, कारण तिथे ही पिकं शेतात घेतात. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जाईची डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जुईची जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मोगरा जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर, जाई-जुई ४५ सेंटीमीटरवर. म्हणजे दीड फूट.

ते शेतातलं झालं. तिथे झुडूप ठेवायचं असतं, कमान झाकायची नसते. तुमची कमान पुन्हा भरायला हवी असेल तर चांगल्या तीन-चार मुख्य फांद्या छातीइतक्या उंचीवर ठेवा, बाकी सगळं काढा. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी थंडी चांगली असते, त्यामुळे संक्रांतीच्या आसपास छाटलं तरी बिघडत नाही. फेब्रुवारीच्या पुढे मात्र ढकलू नका.

वेलवेडी | १० जानेवारी

छातीइतकी?? म्हणजे आत्ता वेल आहे त्याचा पाव भागही उरणार नाही. वाचूनच पोटात गोळा आला. एवढं कापून तो पुन्हा फुटला नाही तर?

नागपूरकर आजी | ११ जानेवारी

बेटा, माझं वय ७४. माझ्या अंगणात जाई आहे, माझ्या सासूबाईंनी लावलेली. दरवर्षी कापते, दरवर्षी वाटतं की या खेपेला जास्तच कापली, आणि दरवर्षी ती फुटते. १५-१६ वर्षांचं खोड आहे तुझं, मुळं खोल गेली असतील. त्याला काही होत नाही.

एक विचारू का? तुझी आई होती तोवर वेल फुलत होता म्हणतेस. मग ती काय करत होती, आठवून बघ. तुमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होत असेल, त्याचे जुने फोटो काढ. मागे कुठे वेल दिसतो का ते पाहा.

किलबिल | ११ जानेवारी

छाटणीआधी आत हात घालून एकदा नीट बघा हं. शिंजीर पक्षी कुठल्याही महिन्यात घरटं करतो. कोळ्याची जाळी, सुकी पानं आणि कचरा लोंबकळतोय असं वाटतं, पण बाजूला भोक असतं आणि आत पिल्लं. घरटं सापडलं तर दोन-तीन आठवडे थांबा, वेलाचं काही जात नाही.

वेलवेडी | १२ जानेवारी

आजी, तुम्हाला नमस्कार.

काल रात्री कपाटावरची अल्बमची पेटी खाली काढली. २०१४ च्या हळदीकुंकवाचा एक फोटो आहे. आई फाटकाशी उभी आहे, मोतिया रंगाची साडी, हातात तिळगुळाचा डबा, शेजारच्या काकूंना आत बोलावतेय. मी हा फोटो किती वेळा पाहिला असेन, आईशिवाय दुसरीकडे कधी नजर गेली नाही. तिच्या मागे कमान आहे. उघडी. चार वाळक्या दिसणाऱ्या काठ्या सुतळीनं बांधलेल्या आणि एक पान नाही.

मग २०११ चा पाहिला, २०१७ चा पाहिला. सगळीकडे तेच.

मी नोकरीत, सकाळी आठला बाहेर आणि रात्री आठला घरात. जानेवारीत वेल कसा असतो हे मला माहीतच नव्हतं. मला फक्त श्रावणातली परडी ठाऊक होती.

रविवारी छाटणार आहे. कसं ते नीट सांगा, प्लीज.

वसईची वाडी | १२ जानेवारी

आता ऐका. आजपासून पाणी बंद. रविवारपर्यंत माती वरून सुकली पाहिजे. जमिनीतल्या वेलाला एवढ्या ताणानं काही होत नाही, पानं थोडी मलूल होतील, होऊ द्या.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चांगल्या धारेचं घ्या. बोथट कात्रीनं फांदी चेचली जाते आणि तिथून ती सडत खाली येते. स्पिरिटनं पुसून घ्या. बोटापेक्षा जाड फांदीला लहान करवत लागेल.

आधी मेलेलं लाकूड काढा. ओळखायचं कसं, तर नखानं साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर कापा. मग आतल्या आत एकमेकींना घासणाऱ्या, मग पेन्सिलीहून बारीक सगळ्या. शेवटी राहतील त्यांतल्या तीन-चार चांगल्या निवडा. काप नेहमी डोळ्याच्या, म्हणजे पेरावरच्या अंकुराच्या, वर पाव इंचावर आणि तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

मग बुंध्याभोवती दीड-दोन फुटांचं आळं करा आणि वरची दोन-तीन इंच माती हलक्या हातानं मोकळी करा. चार दिवस ऊन लागू द्या. त्यानंतर दहा किलो कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, माती ओढून घ्या आणि भरपूर पाणी. पुढचं पाणी माती वाळल्यावरच.

नागपूरकर आजी | १२ जानेवारी

आम्ही मुळ्या उघड्या करतो, चांगल्या अर्धा फूट. तशानं बहर जोरात येतो.

वसईची वाडी | १२ जानेवारी

आजी, ते मोगऱ्याला चालतं आणि तुमचा हात बसलेला आहे. ताईंची पहिलीच वेळ आहे. कुदळ लागून मोठी मुळी तुटली तर छाटणीचा आणि मुळीचा असे दोन धक्के एकदम बसतील. या वर्षी वरवरच राहू द्या.

वेलवेडी | १९ जानेवारी

झालं. सकाळी साडेसातला सुरू केलं, अकरा वाजले.

आधी घरटं शोधलं. एक सापडलं, पण रिकामं आणि विसकटलेलं. ते काढून तुळशीशेजारी ठेवलंय.

वरचा पाला काढल्यावर आत जे दिसलं ते सांगते. आतमध्ये सगळं राखाडी, साल सुटत आलेलं लाकूड, काथ्यासारखं एकमेकांत गुंतलेलं. बाहेरून हिरवागार डोंगर आणि आत ऊनच नाही. खरवडून बघितलं तर दहातल्या सहा फांद्या मेलेल्या. त्या मेलेल्या फांद्यांत २०१७ च्या फोटोतली सुतळी सापडली, आईनं मारलेली गाठ तशीच. ती फांदी आता अंगठ्याएवढी जाड आहे आणि सुतळी तिच्यात रुतून बसलीये. त्याच्या वरचा भाग मेला होता, खालचा जिवंत. गाठीच्या खाली कापलं.

चार फांद्या ठेवल्यात. पाला तीन हातगाड्या निघाला. समोरच्या काकांनी विचारलं, वेल काढून टाकलात का? मी म्हटलं, नाही, छाटला.

मातीचे हात | १९ जानेवारी

उत्तम काम. ती सुतळीची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. वेल बांधताना गाठ नेहमी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेढा काठीला आणि दुसरा फांदीला. वर्षातून एकदा सोडून पुन्हा बांधायची. तार तर वापरूच नका.

वेलवेडी | ८ फेब्रुवारी

वीस दिवस झाले, काहीच नाही. रोज सकाळी चहा घेऊन कमानीखाली उभी राहते. काठ्याच काठ्या.

नागपूरकर आजी | ८ फेब्रुवारी

रात्री अजून गार आहेत ना पुण्यात? मग थांब. पेरावर बोट फिरवून बघ, कणासारखं टोचतं का.

वेलवेडी | ९ फेब्रुवारी

टोचतंय!! तिसऱ्या फांदीवर, खालून दुसरं पेर. दोन्ही बाजूंना एकेक, मोहरीएवढं, रंग जांभळट. बाकीच्या फांद्यांवरही आहेत, मी डोळ्यांनी शोधत होते म्हणून दिसत नव्हते.

हडसनकाठी | १० फेब्रुवारी

न्यू जर्सीहून. हा धागा डोळ्यांत पाणी आणून वाचतेय, माझ्या खिडकीबाहेर फूटभर बर्फ आहे.

माझी जाई कुंडीत आहे, १४ इंची. ऑक्टोबरमध्ये रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जायला लागलं की आत आणते आणि मेच्या मध्यानंतर बाहेर. घरात हिटर चालू असला की हवा कोरडी होते आणि पानांना लाल कोळी लागतो. पानाच्या खाली बारीक जाळी, वर टाचणीच्या टोकासारखे फिकट ठिपके. मी दर पंधरा दिवसांनी कुंडी न्हाणीघरात नेऊन पानं खालून कोमट पाण्यानं धुते, त्यानं आटोक्यात राहतो. छाटणी मी फेब्रुवारी संपताना करते, आणि कुंडीला दोन आठवड्यांचा ताण देत नाही, आठ-दहा दिवस पुरे.

इकडे राहणाऱ्यांसाठी आणखी एक. दुकानात ‘स्टार जास्मिन’ म्हणून जे मिळतं ती जाई नव्हे, त्या कुळातलीही नव्हे. पान तोडून बघा, पांढरा चीक आला तर ती तीच. माझी पहिली दोन वर्षं तिच्यात गेली. वास गोड आहे, पण जाईचा नाही.

वेलवेडी | २३ मार्च

ताजी खबर. फूट दोन-दोन फुटांवर गेलीये. पण नवी पानं पिवळी पडतायत. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. खालची जुनी पानं चांगली आहेत. खत कमी पडलं का? युरिया घालू का थोडा?

मातीचे हात | २३ मार्च

युरिया नको! नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात, शिरांसकट. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालताय का? जड पाण्यानं मातीचा सामू (pH) वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत. आणि आळ्यात शेणखत वाढवा, त्यानं हळूहळू मूळ दुखणं कमी होईल.

वेलवेडी | २३ मार्च

बरोबर, फेब्रुवारीपासून बोअरचंच पाणी आहे. करते.

नागपूरकर आजी | १९ एप्रिल

आमच्याकडे ४३ झालं आज. जाईला सकाळी सहाच्या आत पाणी, आळ्यात वाळक्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन, आणि पश्चिमेला जुनी सुती साडी बांधलीये. विदर्भातल्यांनो, एप्रिल-मेमध्ये रोपाचा जीव वाचवा, कळीचं नंतर बघू. भर दुपारी पाणी घालू नका, पाइपातलंच पाणी उकळतं असतं.

वेलवेडी | २७ मे

आज माळीदादा आले. सोसायटीचं वार्षिक काम, हातात मोठी कात्री. मी कामावर निघाले होते, चप्पल घातलेली. थांबले. त्यांना जवळ बोलावून एक शेंडा दाखवला. टोकाला तीन-तीन दाणे आलेत, हिरवे, तांदळाच्या कणीएवढे. म्हटलं, दादा, ह्या कळ्या आहेत, याला आता दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ताई, मला गोल करा एवढंच सांगितलेलं होतं, तुमच्या आई मला कधी करू द्यायच्या नाहीत, त्या गेल्यावर कुणी अडवलं नाही.

सोसायटीच्या सूचनाफलकावर मी स्वतः चिठ्ठी लावलीये. इमारतीत आणखी दोन जाया आणि एक जुई आहे, त्यांच्यासाठीही.

वसईची वाडी | २८ मे

हे फार चांगलं केलंत. आता पावसाआधी आळं मोडा. उन्हाळ्यात आळं पाणी धरतं ते बरं, पण पावसात तेच पाणी बुंध्याशी साचलं की मुळं कुजतात. बुंध्याला माती चढवून उंचवटा करा. दुसरा खताचा हप्ता जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक पाऊस होऊन वाफसा आला की, म्हणजे चिखल न राहता माती नुसती ओलसर झाली की. पुन्हा शेणखतच, सोबत थोडी राख.

फोंडेकर | १२ जून

आमच्या गोव्यात तर पावसाशिवाय जाई नाहीच. आम्ही जायो म्हणतो. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते, देवी जायांनी भरून जाते. आसपासच्या लोकांनी हे वेल जपलेले आहेत. त्या दिवशी देवळात शिरताना जो वास येतो तो सांगता येणार नाही.

पण एवढ्या पावसात पानांवर तपकिरी ठिपके येतात आणि पानं गळतात. आम्ही खालचा दोन फुटांचा पाला काढून टाकतो म्हणजे वारा खेळतो, आणि पडलेली पानं रोज गोळा करतो. औषध क्वचितच लागतं. मांडव उंच ठेवायचा, भिंतीला चिकटवायचा नाही.

वेलवेडी | २१ जून

पहिली अकरा फुलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा कळ्या मिटलेल्या होत्या, लांब नळी, टोकाला निमुळत्या, एका बाजूनं गुलाबी. तोडल्या नाहीत. जेवणं झाल्यावर साडेनऊला बाहेर आले तर उमलायला लागल्या होत्या. पाकळ्या आधी सैल होतात, मग एकेक मागे वळते, आणि गुलाबी बाजू खाली जाऊन वरून नुसतं पांढरं दिसतं. मुलगी म्हणाली, आजीच्या खोलीचा वास येतोय.

सदाफुली | २१ जून

काय बोलू. वाचनखूण साठवली.

तिसरा मजला | ६ जुलै

धागा वाचून माझ्या गॅलरीतल्या जाईला धीर आला, पण माझ्या कळ्यांना भोकं पडतायत आणि त्या जांभळ्या होऊन गळतायत. आत हिरवट बारीक अळी.

वसईची वाडी | ६ जुलै

कळी पोखरणारी अळी. एक अळी शेजारच्या चार-पाच कळ्या एकत्र बांधून खाते. गॅलरीतला एकच वेल आहे तर हातानं वेचा, भोक पडलेली प्रत्येक कळी तोडून साबणाच्या पाण्यात टाका. जमिनीवर टाकू नका, तिथेच कोष करते. आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क, लिटरला पाच मिली, संध्याकाळी. घरातली फुलं केसांत आणि देवाला जातात, त्यामुळे जहाल औषध मी कुणालाच सांगत नाही.

आणि ऊन किती मिळतं? पाच तासांच्या खाली असेल तर कळी कमीच येणार.

तिसरा मजला | ७ जुलै

सकाळी आठ ते साडेबारा. कुंडी कठड्यावर सरकवता येईल, करते. सतरा कळ्या वेचल्या काल.

नागपूरकर आजी | १० जुलै

तोंड आलं की जाईची दोन कोवळी पानं चावून थुंकायची, आमच्या घरी सगळ्यांनी केलंय. वैद्यांचं जात्यादि तेल याच पानांचं. म्हणून सांगते, फवारणी केली असेल तर पंधरा दिवस पान तोंडात घालू नका.

वेलवेडी | २ ऑगस्ट

आज परडी भरली. काठोकाठ. सहाच्या सुमाराला, दिवेलागणीच्या आत, टपोऱ्या कळ्या तेवढ्या तोडल्या. आई म्हणायची तसं देठ नखानं न तोडता नळीला धरून वर उचलायची, अलगद सुटते. शेजारच्या तिघींपैकी एक काकू आता बिछान्यावर असतात, त्यांच्या उशाशी वाटीभर ठेवून आले.

वसईकर, एक राहून गेलं सांगायचं. तुम्ही व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलेलं दाब कलम जूनच्या शेवटी केलंय. गेल्या वर्षीची एक फांदी जमिनीकडे वाकवली, पेराखालची साल बोटभर खरवडली, शेजारी मातीची कुंडी ठेवून तिच्यात दोन इंच पुरली आणि वर विटेचा तुकडा. सातारच्या मामेबहिणीला द्यायचंय. मामाच्या अंगणातला मूळ वेल रस्ता रुंद झाला तेव्हा गेला, तिच्याकडे आता तो नाही.

वसईची वाडी | २ ऑगस्ट

वा. कुंडीतली माती पावसात घट्ट होऊ देऊ नका. आणि उकरून बघायचा मोह टाळा.

वेलवेडी | २८ सप्टेंबर

तीन महिने झाले. पुरलेल्या टोकाला हलकं ओढून पाहिलं, येत नाही, म्हणजे मुळं धरलीत असं वाटतं. वर दोन नवे धुमारे आहेत. आता कापून वेगळं करू का? मामेबहीण दसऱ्याला येतेय.

वसईची वाडी | २८ सप्टेंबर

एकदम तोडू नका. आज मूळ वेलाच्या बाजूनं फांदी अर्धी कापा, अर्धी जोडलेली राहू द्या. आठवड्यानं उरलेली कापा. मग दहा दिवस सावलीत. धुमारे ताठ राहिले तर बहिणीच्या हाती द्या, माना टाकल्या तर तिला म्हणावं दिवाळीला घेऊन जा. आणि साताऱ्यात जमिनीत लावणार असेल तर भिंतीपासून दोन फूट लांब, पूर्वेचं ऊन मिळेल तिथे. पहिल्या जानेवारीत छाटायचं नाही, फक्त शेंडे खुडायचे. त्याच्या पुढच्या जानेवारीपासून कात्री.

वेलवेडी | २८ सप्टेंबर

अर्धी कापली. हे सगळं कागदावर लिहून कुंडीसोबत देते, २०१४ च्या त्या फोटोची प्रतही.